दोन काटे आणि नागपूरचा रस्ता

"काटा अर्ध्यावर आहे भाऊ, आणि गाडी बंद पडली."

मंदाबाईंचा फोन सावनेरच्या अलीकडून आला होता. मी एका ट्रॅक्टरच्या डायनॅमोत हात घालून बसलो होतो. बाईंना म्हटलं, सेल्फ मारा. फोनवरून आवाज ऐकला. सेल्फ जोरात फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. म्हणजे बॅटरी ठीक, पेट्रोल नाही.

"टाकी रिकामी आहे बाई."

"अहो, पण काटा अर्ध्यावर आहे!"

सौंसरला नागपूर रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायरिंग, लाइट, सेल्फ, मीटर, एवढंच काम. इंजिनाला मी हात लावत नाही. त्या दिवशी कॅनमध्ये पेट्रोल घेतलं आणि मोटरसायकलवर निघालो.

मंदाबाई जवळच्या रामाकोना गावच्या. शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचे मिस्टर नारायणराव पाटबंधारे खात्यात होते. सगळे त्यांना तात्या म्हणतात. तात्यांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नागपूरला डायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं. गाडी बाई चालवायच्या. गाडी जुनी, गोल बोनेटची, पांढरी. पूर्वी सगळे सरकारी साहेब ज्या गाडीत फिरायचे, तीच. तात्यांनी हौसेनं घेतली होती. आता ती हौस राहिली नव्हती, सोय होती. तात्यांचा खुबा आखडलेला. नव्या गाड्यांच्या खोल सीटमध्ये त्यांना बसता यायचं नाही, बसले तर उठता यायचं नाही. या गाडीची सीट दिवाणासारखी.

मी पोचलो तेव्हा तात्या रस्त्याकडेला कडुलिंबाच्या सावलीत चादरीवर बसले होते. बाई गाडीजवळ उभ्या राहून हॉस्पिटलला फोन करत होत्या. त्यांचा नंबर गेला होता. उद्या सकाळी या म्हणाले. बाईंचा चेहरा उतरला. तात्या निवांत होते.

मी बाईंना म्हटलं, "काट्याचं सोडा. दर वेळी टाकी फुल करत जा."

"फुल केली की वरच्या जोडातून पेट्रोल झिरपते. वासानं यांना उलट्या होतात. डिक्कीत कॅन ठेवला तरी तेच. म्हणून मी अर्ध्याच्या खालीच ठेवते."

टाकी उतरवून जोड भरायचा तर गाडी बरेच दिवस उभी ठेवावी लागणार. तात्यांना तेवढी उसंत नव्हती. काठी घालून पेट्रोल पाहावं, तर टाकीची नळी वाकडी. थोडक्यात, काटा दुरुस्त करणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून परतताना बाईंनी गाडी माझ्याकडे सोडली. काट्याचं काम कसं चालतं ते सांगतो. टाकीत एक फ्लोट असतो, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ गोळा. पेट्रोल कमी झालं की तो खाली येतो. त्याच्या दांडीला जोडलेला भाग करंट कमीजास्त करतो, आणि डॅशबोर्डवरचा काटा त्याप्रमाणे हलतो. मी फ्लोट काढून पाहिला. भोक नव्हतं. दांडी सरळ होती. वायर तपासली. टाकी रिकामी करून थोडं थोडं पेट्रोल मोजून टाकलं. काटा बरोबर. पुन्हा केलं. पुन्हा बरोबर.

बिघाड सापडला तर माणूस थकत नाही. न सापडला तर फार थकतो.

गाडी दिली. पुढच्याच फेरीला बाईंचा फोन. "भाऊ, काटा पुन्हा वर चढून राहिला. पंपावर थांबून अंदाजानं टाकलं म्हणून पोचलो." गाडी पुन्हा दुकानात. काटा पुन्हा बरोबर. असं परत एकदा झालं. किल्ली देताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटी मी म्हणालो, "पुढच्या खेपेला मी तुमच्यासोबत येतो."

दुकान बंद ठेवून पुढच्या सीटवर बसलो. तात्या मागे आडवे. बाई गाडी चांगली चालवतात, खड्डा पाहून. निघताना काटा पाव टाकीवर होता, आणि तो खरा होता, कारण पेट्रोल मीच टाकलं होतं. रस्ता चांगला होता तोवर काटा हलला नाही. मग रस्त्याचं काम चालू होतं तिथं गाडी गिट्टीवरून खडखडत गेली. थोड्या वेळानं काटा सावकाश वर चढू लागला. या जुन्या गाड्यांचे काटे झटकन हलत नाहीत, आळसावल्यासारखे सरकतात.

मी त्याच्याकडेच पाहत होतो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पाहा, गाडी गरमही होऊन राहिली. मेकॅनिकनं थर्मोस्टॅट बदलला, तरी तेच."

इंजिनाच्या गरमीचा काटाही वर चढला होता. दोन्ही काटे, एकाच वेळी.

बाई औषध घ्यायला सावनेरला उतरल्या. मी वाकून डॅशबोर्डखाली हात घातला. मागून तात्या म्हणाले, "प्रकाश, तुले एक सांगू? नको करू तो काटा नीट."

"काय म्हणता तात्या?"

"त्या दिवशी गाडी बंद पडली न, लय बरं वाटलं मले. सुई नाही, मशीन नाही. झाडाखाली बसलो चुपचाप. थकलो मी आता."

"बाईंना सांगितलं का?"

"तिले कसं सांगू? ती माह्यासाठी एवढं करून राहिली."

बाई औषधाची पिशवी घेऊन आल्या. मी डॅशबोर्डखालून हात काढला.

हॉस्पिटलात तात्यांना मशीनवर घेतलं आणि मी पार्किंगमध्ये गाडीत उताणा पडलो. डॅशबोर्डच्या मागे काडेपेटीएवढी एक डबी असते. बॅटरीचा करंट कमीजास्त होतो. ही डबी तो आवरून काट्यांना एकसारखा देते. आम्ही तिला रेग्युलेटर म्हणतो. ती पत्र्याला स्क्रूनं बसवलेली असते. त्या पत्र्यातूनच करंट परत जातो, त्याला अर्थ म्हणतात. इथं स्क्रूखाली गंज धरला होता. गाडी उभी असली की स्क्रू पत्र्याला टेकलेला. खडखडाट झाला की अर्थ तुटायचा, आणि पुन्हा जुळायला वेळ लागायचा. मग डबी करंट आवरायची नाही, बॅटरीचा सगळा करंट काट्यांना जायचा, आणि दोन्ही काटे वर. पेट्रोल जास्त नव्हतं, इंजिनही गरम नव्हतं.

गंज खरवडला. डबीपासून चेसिसपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, वेगळी वायर टाकली. स्विच ऑन करून डॅशबोर्डवर बुक्क्या मारल्या. काटे जागेवर. पेट्रोलचा काटा जवळजवळ तळाला होता. आम्ही सौंसरला काही पोचलो नसतो.

संध्याकाळी तात्यांना व्हीलचेअरवर आणलं. मागच्या सीटवर बसवलं. त्यांनी मान लांब करून काटा पाहिला.

"झालं?"

"झालं, तात्या."

ते मागे टेकून बसले. पंपावर पेट्रोल भरलं. बाई खुशीत होत्या, कितीतरी दिवसांनी. "आता चिंता नाही," म्हणाल्या. "आता एक बी खेप चुकणार नाही."

सावनेर मागे पडल्यावर तात्या म्हणाले, "मंदा, गाडी बाजूले घे."

बाईंना वाटलं उलटी होतेय. त्यांनी गाडी थांबवली. मला कळलं. मी पाय मोकळे करतो म्हणून उतरलो आणि कपाशीच्या बांधापर्यंत गेलो. तिथून बोलणं ऐकू येत नव्हतं. बाई आधी मागे वळून बोलत होत्या. मग नुसत्या ऐकत होत्या. मग त्या उतरून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. मी उभा राहून राहून बांधावर टेकलो.

हाक मारली तेव्हा गेलो. बाईंचे डोळे लाल होते. "भाऊ, तुम्ही चालवा," म्हणाल्या. सौंसरपर्यंत त्या मागेच, तात्यांजवळ बसल्या.

पुढच्या आठवड्यात बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, "सुईले त्यांचा नकार नाही. रस्त्याले थकले. मशीनवरून उठल्या उठल्या एवढा प्रवास, मग दोन दिवस पडून राहायचं, की पुन्हा निघायचं. मले वाटे आपण पोचलो म्हणजे झालं." त्यांनी हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. आता दोघं तिथंच राहतात. तात्या काठी टेकत मशीनवर जातात आणि परत येऊन आपल्या खाटेवर झोपतात. कंटाळा अजून आहेच, असं बाई फोनवर सांगतात. पण जातात.

गाडी रामाकोन्याला शेडमध्ये उभी आहे. मी अधूनमधून जाऊन सुरू करून येतो. काटा अगदी बरोबर दाखवतो. गाडीला जायला कुठं नाही.

या धंद्यात येणाऱ्यांना एवढंच सांगतो. दोन काटे एकाच वेळी चुकत असतील तर दोन बिघाड शोधू नका, दोघांना करंट कुठून येतो ते पाहा. आणि गाडी जिथं बिघडते तिथं तिच्यात बसून जा. दुकानात उभी असली की कोणतीही गाडी शहाण्यासारखीच वागते.