देवापुढची पत्रिका

आईनं मला एसटीत बसवलं तेव्हा तिच्या नखांत अजून हळद होती. माझ्याच लग्नाची. लग्न मोडून चार दिवस झाले होते. पिशवी मांडीवर ठेवत ती म्हणाली, "मौशीकडे शिवण शिकजो. तोंड बंद ठेवजो. मीही ठेवते." मी आठवीत होते. त्यानंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. तिथल्या तात्यापारा मोहल्ल्यात मौशीच्या दोन खोल्या, एक मशीन. रस्त्यावर रोज कुठल्या ना कुठल्या नव्या ऑफिसची पाटी लागायची. फॉल-पिको करता करता मी ब्लाऊज शिकले, 'हो'ला "हव" म्हणायला शिकले. आता तेलीबांध्याला फ्लॅट आहे, पोरं मराठीत विचारलं की हिंदीत बोलतात. मौशी नसती तर मी कुठं असते ते मला माहीत आहे. तरी घरात कोणाचा आवाज चढला की मी चालती मशीन थांबवते. आपलंच काही चुकलं असेल असं वाटतं.

दोन वर्षांमागं इथं एका सिनेमाचं शूटिंग झालं. एका हिंदी कादंबरीवरचा. तरुण मास्तरीण छोट्या गावात शिकवायला येते, गावाला ती नको असते, शेवटी गाव तिला मारतं. शिवणाचं काम माझ्याकडे आलं. एकाच साडीच्या चार प्रती: स्वच्छ, मळलेली, फाटलेली, रक्ताची. कपडे सांभाळणारे भैया म्हणाले, "दीदी, पल्लू सीधा कैंची से फाड़ दो."

"ऐसे नहीं फटता भैया. पिन लगी रहती है. खींचो तो पहले ब्लाउज जाता है, फिर कंधा."

"आपको कैसे मालूम?"

"देखी हूँ."

तुम्हीही पाहिलंय, आपल्या शाळेत. गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनीही.

बाई आपल्याला शिकवायला आल्या तेव्हा बावीस-तेवीसच्या असतील. गावानं त्यांना खोली दिली नाही, त्या शाळेच्या कोठीत राहिल्या. माझं लग्न ठरल्याचं मीच त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लग्नाची पत्रिका आण, तालुक्याला पोलिसांना दाखवते." पत्रिकांचा गठ्ठा बाबांच्या खाटेखाली होता. हात लावायची हिंमत झाली नाही, म्हणून देवापुढं ठेवलेली पहिली पत्रिका उचलली. आईनं त्या एकाच पत्रिकेवर कुंकवाची पाच बोटं उमटवली होती. घाईत ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

हळदीच्या दिवशी पोलीस आले, लग्न थांबलं. पुरावा म्हणून त्यांनी तीच पत्रिका बाबांसमोर धरली. पोलीस गेल्यावर बाबांनी भरल्या मांडवात विचारलं, "देवापुढची पत्रिका कोनं उचलली?" सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते. मी म्हटलं, "बाई हळदीकुंकवाले आल्या होत्या. त्याईनंच नेली."

लग्न मोडल्याचा राग होताच. पण देवाजवळ चोरी केली म्हटल्यावर सगळ्यांचेच हात मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी सगळे शाळेत आले. बाबांनी बाईंचा पदर ओढला. पिन खांद्यात रुतून मांस घेऊन निघाली, तो आवाज मला अजून शिवताना येतो. घंटेचा लोखंडी दांडा काढून कोणीतरी पाठीत घातला. ज्या पट्टीनं त्या आम्हाला समास आखून द्यायच्या, ती तोंडावर मोडली. बायकांनी केस धरले. "चोट्टी," म्हणत पोरांनीही दगड मारले, ज्यांना त्यांनी अक्षरं शिकवली तीच पोरं. शाळेच्या पायरीवर त्यांचा दात पडला होता. बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली, कोणाला कळू नये म्हणून. माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. दुपारी त्यांना जीपमध्ये टाकून नेलं. पुढं काय झालं ते ना मी विचारलं, ना तुम्ही.

यंदा बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले. पट्टी निघाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले तेव्हा, मी शिवलेले कपडे दाखवायला त्यांना त्या सिनेमाच्या दुपारच्या खेळाला नेलं. असं मी स्वतःला सांगितलं. पडद्यावर पदर ओढला, ब्लाऊज खांद्यावर फाटला, तसे बाबा खुर्चीत पुढं सरकले. मग कानाशी म्हणाले, "हे लोक काहून मारून राहिले तिले? आपली बाई त चोर होती. हे पोट्टी त काही चोरत नाही."

मी पदर तोंडाशी धरून म्हटलं, "आपलीही चोर नव्हती, बाबा. पत्रिका मीच देली. खोटी बोलली मी."

ते खुर्चीत मागं टेकले. सिनेमा संपला, लोक उठले, झाडूवाली दीदी "चलो बाबूजी" म्हणाली. घरी येताना तलावाजवळ त्यांनी रिक्षा थांबवायला लावली. कठड्यावर बसले, आपल्याच उजव्या हाताकडे नव्या डोळ्यानं पाहत राहिले.

"त मंग म्या कोनाले मारलं?"

मी त्यांच्याशेजारी कठड्यावर बसले. चोर नव्हत्या म्हणून नाही, असत्या तरी ते मारणं मारणंच होतं, हे मला त्यांना सांगायचं होतं. ते आता इथं लिहिते आहे.

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी तुम्ही गावाबाहेरच्या सगळ्यांकडून आठवणी मागवल्या आहेत. माझं शिक्षण कमी, चुका सुधारून घ्या. घर कुठलं विचारलं की मी तेलीबांधा सांगते. गावाचं नाव घेतलं की त्याच्यामागं "चोट्टी" ऐकू येतं, आणि तो शब्द माझा आहे. म्हणून हे छापा किंवा छापू नका, पण सर्वांसमोर वाचा. बाई चोर नव्हत्या, एवढं तरी मोठ्यानं वाचा. त्याच पायरीवर उभं राहून. बाबा समोर बसतो म्हणाले आहेत. मीही येते आहे, इतक्या वर्षांनी.