पाळी पुढे ढकलायची गोळी

माझ्या नवऱ्याचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. दारूचा थेंब न शिवलेला माणूस, पण आजाराला कुठलं आलंय डोकं! माझ्या लिव्हरचा तुकडा त्याला चालणार होता. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि सासूबाई नाशिकहून जर्सी सिटीत दाखल झाल्या. ऑपरेशनआधी त्यांना घरात सत्यनारायण हवा होता. पूजेला जोडीनं बसायचं, आणि माझी पाळी नेमकी त्याच दिवसांत. आईंनी पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढली. "अगं, सगळ्याच घेतात. काही होत नाही."

खरंच, सगळ्याच घेतात. माझ्या लग्नात मीही घेतल्या होत्या. आमच्यात त्या गोळ्यांना कुणी औषध समजतच नाही. घेतल्या. पूजा छान झाली, एडिसनहून आलेल्या गुरुजींनी शिऱ्याचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी चेकअपला सर्जनबाईंनी विचारलं, कुठले हॉर्मोन्स घेतेस का? 'नो' अगदी जिभेवर होतं, तेवढ्यात ती स्ट्रिप आठवली. शेजारी नवरा बसलेला, डोळे पिवळेधमक. खरं बोलले तर त्याचं ऑपरेशन लांबणार, खोटं बोलले तर टेबलावर माझंच काय होईल कुणास ठाऊक. बोलले खरं.

त्यांनी शांतपणे समजावलं. तुकडा काढताना लिव्हरचं रक्त थोडा वेळ दाबून धरावं लागतं आणि ते पुन्हा सोडलं की इजा होते. त्यात बाईचे-पुरुषाचे हॉर्मोन्स काय करतात, कुठले सांभाळतात, कुठले बिघडवतात, हे अजून उंदरांवरच तपासतायत. पण या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होऊ शकते, ती रिस्क मी घेणार नाही, म्हणाल्या. ऑपरेशन कॅन्सल केलं. गोळ्या बंद, पाळी येऊ दे, परत टेस्ट, मग तारीख.

घरी आल्यावर असा संताप आला की काय सांगू! पण ओरडणार कुणावर? आईंवर ओरडावं तर त्यांचा मुलगा मरणाच्या दारात. रडावं तर तो बघणार. खिडकीतून ओरडावं तर आमच्या टॉवरच्या खिडक्यासुद्धा वीतभरच उघडतात. एकदाच मी म्हणून गेले, "आई, देवाला मी तशीच चालले नसते का हो?"  त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

गोळ्या थांबवल्या की चार-दोन दिवसांत येते म्हणे. माझी येईना. तिकडे नवऱ्याच्या पोटात पाणी भरत चाललेलं. एका दुपारी त्यानं भ्रमात मला विचारलं, "आपण नाशिकलाच आहोत ना?" मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. जन्मभर जिच्या नावानं बोटं मोडली, तिच्यासाठी मी आता दर तासाला तपासत होते. ये ना गं बाई, ये एकदाची!

एका सकाळी आली. मी तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडले.

बाहेर आले तर किचनच्या कपाटातल्या देव्हाऱ्यापुढे आई दिवा लावत होत्या. मी लांबूनच म्हटलं, "आली."

त्यांनी डोळे मिटले. मग उठून साखरेची वाटी माझ्या हातात दिली.

"देवापुढे ठेव."

"आई, अहो, आत्ताच आलीय मला."

"कळलं. तूच ठेव."