सोळा बोअरची हौसाक्का

चार जुने दोस्त भेटले आणि चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, "राव, तो बंदुकीचा किस्सा सांगा की!" मी विचारतो, कुठला? कारण एक असेल तर सांगू! चिंचवडच्या त्या वर्कशॉपमध्ये मी पन्नासच्या दशकात फिटर होतो. तिथे लेथखाली लोखंडाचा बुरादा साठायचा तसे किस्से साठले. बुरादा निदान संध्याकाळी झाडून तरी काढायचो.

तेव्हा पिंपरीत कारखान्यांची जोती उठत होती. रोज नवा खड्डा, रोज नवी भिंत. आमचं दुकान मात्र पत्र्याचं. मालक अण्णा, टर्नर भिकाजी आणि मी, एवढीच फौज. भिकाजी कोकणातला, मी बार्शीचा, अण्णा अस्सल चिंचवडचे. पाण्याची इंजिनं आणि पंप दुरुस्त करायचे हा धंदा. त्यात एका वर्षी बंदुका शिरल्या.

झालं असं, की आसपासच्या गावांत शेतराखणीसाठी ठासणीच्या बंदुका होत्या. तोंडातून दारू भरायची, वरून गोळी, मग गजाने ठासायचं. परवाना नवा करताना नळीचं आतलं माप कागदाशी जुळलं पाहिजे, असा हुकूम निघाला. आतलं माप घेणारं हत्यार पंचक्रोशीत फक्त आमच्याकडे! मग काय, इंजिनांच्या रांगेत बंदुका उभ्या राहिल्या.

* * *

पहिल्याच दिवशी मी हौसेने एक बंदूक उचलली आणि कॅलिपरचे पाय नळीत घातले. भिकाजी लेथ सोडून धावत आला.

"मेल्या, आधी गज घाल!"

ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. गज आत सोडायचा, नळीच्या तोंडाशी खूण करायची आणि मग तोच गज नळीला बाहेरून लावून बघायचा. मागपर्यंत पोचला तर रिकामी. चार बोटं अलीकडे थांबला तर आत बार आहे!

मी गज घातला. तो चार बोटं अलीकडे थांबला.

बंदूक तळवड्याच्या एका आजोबांची होती. ते शांतपणे बाकावर तंबाखू मळत बसले होते. मी घाम पुसत विचारलं, "आजोबा, भरलेली बंदूक आणलीत?"

"मग? रिकामी घिऊन रानातनं यायचं व्हय?"

* * *

त्याच आठवड्यात हौसाक्का आली. पुनावळ्याची, पन्नाशीची, डोक्यावर पदर आणि खांद्यावर स्वतःपेक्षा लांब बंदूक. नवरा वर्षापूर्वी वारलेला. पवनेच्या काठाला भुईमूग, आणि तो उकरायला रोज रानडुकरं. परवाना नवऱ्याच्या नावावर होता. तो आपल्या नावावर झाला तर बंदूक घरात राहणार, नाही तर सरकारजमा. कागदावर लिहिलं होतं, सोळा बोअर.

मी नळीच्या तोंडाशी माप घेतलं. चौदा बोअर!

आता हे बोअरचं गणित उलटं असतं. एक पौंड शिशात त्या मापाच्या जितक्या गोळ्या होतील तितका बोअर. म्हणजे आकडा लहान तर नळी मोठी. हौसाक्काची नळी कागदापेक्षा मोठी निघाली. कागदावरची बंदूक ही नव्हेच, असं म्हणून पुण्याहून तपासणीला येणाऱ्या साहेबांनी ती जागेवरच जप्त केली असती.

हौसाक्का मटकन खाली बसली. "भाऊ, लगीन हून आले तवापास्नं हीच हाय की वो घरात!"

अण्णांनी बंदूक हातात घेतली, नळीच्या तोंडातून बोट फिरवलं आणि हसले. वर्षानुवर्षं गज घासून घासून तोंडच झिजलं होतं! माप आत घ्यायला हवं. आत घेतलं तर अठरा निघालं. अण्णा म्हणाले, "ही दारूची काजळी. धुवा."

उकळतं पाणी ओतलं, काळं पाणी आलं. पुन्हा ओतलं, पुन्हा काळं. हौसाक्का पदर खोचून स्वतः घासायला लागली आणि घासता घासता तिचे डोळे भरून आले.

"धनी जित्तेपणी आंगुळीला कटाळायचे. आता त्येंच्या बंदुकीला न्हाऊ घालतीया!"

ती रडत होती आणि हसतही होती. भिकाजीने चहा मागवला.

* * *

पिंपळे गुरवचे एक पाटील आणि त्यांचे मेहुणे एकाच दिवशी बंदुका घेऊन आले. मेहुण्याची बंदूक वीस बोअर निघाली, पाटलांची बारा. पाटलांचा चेहरा पडला.

अण्णांनी समजावलं, "अहो, बारा म्हणजे मोठी. वीसपेक्षा मोठी!"

पाटलांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. मेहुणे बाहेर पान खायला गेले तसे पाटील अण्णांच्या कानाशी आले.

"अण्णा, तुमाला पटलं, मला पटलं. पर गावात कुणाकुणाला पटवत बसू? एकवीस लिवा की!"

* * *

खंडेनवमीला आम्ही दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली. लेथला हार, इंजिनाला नारळ, आणि कॅलिपर, मायक्रोमीटर पाटावर मांडून हळदकुंकू. दसरा झाला. दुसऱ्या दिवशी कामाला लागलो तर एकही माप जुळेना. आदल्या आठवड्यात जुळलेली प्रत्येक बंदूक आता दहा-बारा थाऊ मोठी भरायला लागली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्यात हौसाक्काचीही! धुऊन पुसून बरोबर सोळावर आलेली ती नळी पुन्हा सरकली होती, आणि पुण्याहून हत्यारं तपासणारे साहेब चार दिवसांवर आले होते.

अण्णा कपाळाला हात लावून बसले. "एका दसऱ्यात सगळ्या मावळाच्या नळ्या रुंदावल्या की काय!"

भिकाजीने मायक्रोमीटर उजेडात धरला. ज्या दोन टोकांत कॅलिपरचे पाय धरून माप वाचायचं, तिथेच कुंकवाच्या दोन जाड टिकल्या! अण्णांनी स्वतः मोठ्या श्रद्धेने लावलेल्या.

अण्णांनी मायक्रोमीटर कपाळाला लावला, मग रॉकेलने पुसला. "पुढच्या वर्षी तुझी पूजा लांबूनच करीन रे बाबा!"

* * *

साहेब आले ते जीपमधून. सोबत मखमलीची पेटी, तिच्यात प्रत्येक बोअरचं चकाकणारं पोलादी गेज. दांडीच्या टोकाला आट्यांनी बसवलेला दट्ट्या तो. नळीत गेला तर माप बरोबर.

आमची मापं त्यांनी एकेक करून पडताळली. जुळत गेली. भिकाजी लेथच्या आड उभा राहून बोटांवर मोजत होता. शेवटी हौसाक्काची पाळी आली. साहेबांनी कागद पाहिला, बंदूक पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं.

"माप बरोबर आलं तरी बाईच्या नावावर कशी देऊ? चालवणार कोण?"

"मीच की."

साहेबांनी सोळाचं गेज तेल लावून नळीत सोडलं. इतकं नेटकं गेलं की आम्ही तिघांनी श्वास सोडला. अर्ध्यावर गेल्यावर साहेबांनी दांडी फिरवून वर ओढली.

दांडी बाहेर आली. गेज आतच राहिलं! आटे सुटले होते.

नळी उलटी केली, आपटली, ठोकली. गेज हलेना. ठासणीची बंदूक मागून बंद. मागचा बोल्ट गंजून नळीशी एकजीव झालेला. तापवून काढावा तर नळी जायची. साहेबांच्या कपाळावर घाम आला. सरकारी गेज, तेही विलायती! त्याचा जबाब त्यांनाच द्यावा लागणार होता.

"व्हा बाजूला," हौसाक्का म्हणाली.

तिने कमरेच्या पिशवीतून पाना काढला आणि घोड्याखालची छोटी नळी उघडली, जिच्यावर बार पेटवणारी टोपी बसते ती. तिथून चिमूटभर दारू आत सारली. छोटी नळी पुन्हा बसवली. मग वरून गज घालून गेज हळूहळू थेट तळापर्यंत दाबत नेलं.

"ह्ये अर्ध्यात ऱ्हायलं आन् बार उडाला, तर नळी फुटती," तिने साहेबांना सांगितलं. साहेब दोन पावलं मागे सरले.

दुकानामागे लिंबाला भुशाचं पोतं टांगलेलं होतं. तिने टोपी चढवली, बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला. धडाम! अंगणभर धूर, जीपचा ड्रायव्हर जीपखाली, आणि पोत्याच्या बरोबर मध्यावर भोक.

भिकाजीने पोतं फाडून गेज काढलं. साहेबांनी ते पुसलं, अण्णांनी मायक्रोमीटर पुढे केला. माप घेतलं. केसाचाही फरक नाही. साहेबांनी लांब श्वास घेतला आणि सवयीने पेटीकडे वळले.

"आता याच्यापेक्षा जरा जाड गेज घालून बघावं लागेल. ते आत जाता कामा नये. तसा नियम आहे."

हौसाक्काने पिशवी हलवून बघितली.

"घाला की, सायेब! दारू हाय अजून."

साहेबांनी मखमलीची पेटी मिटली आणि खिशातलं पेन काढलं.

"हं बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा."