मावशींची लिमिटेड एडिशन

जगातल्या कुठल्याही वस्तूला 'संपत आली आहे' एवढी पाटी लावा, माझ्या बायकोच्या मावशींना ती हवीच असते. मग तो शेवटचा भूकंप का असेना. नारायण पेठेत एकट्या राहणाऱ्या, जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या या बाई एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याला रडकुंडीला आणतात. पण कुणी डिझायनर 'मोजकेच नग' म्हणाला की त्यांचं सगळं गणित चुलीत जातं. त्यांच्या कपाटात एका बाहीचा कुडता आहे (दुसरी बाही कलावंताला सुचली नसावी) आणि चहाचे डाग मुद्दाम पाडलेली साडी आहे. "असे डाग आमच्याकडे फुकट पडतात," मी एकदा म्हणालो. "तुमच्याकडे सगळ्यांच्याच कपड्यांवर असतात, जावईबापू. हे मोजक्यांकडेच आहेत," त्या म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका कलेक्शनचं जॅकेट मॉलमध्ये येणार होतं. रांगेत जागा धरायला मावशींनी मला सकाळीच नेऊन उभं केलं. शटर बंद होतं तोवर रांगेतली सगळी मंडळी सुशिक्षित होती. शटर वर गेलं आणि लग्नाच्या पंगतीत श्रीखंड संपल्याची बातमी फुटावी तशी ती आत घुसली. एका मुलीने पुतळ्याच्या अंगातलं जॅकेट ओढलं, ते पुतळ्याच्या हातासकट आलं, आणि ती त्या हातासकट काउंटरकडे पळाली. एक गृहस्थ बाहेरून बायकोला ओरडत होते, "साइज बघू नकोस, आधी उचल!" मावशी आणि एक चष्मेवाल्या बाई एकाच जांभळ्या जॅकेटची एकेक बाही धरून उभ्या.

"अहो, फाटेल ते!" बाई म्हणाल्या.

"मग आपण सोडा ना," मावशी म्हणाल्या.

बाईंनी सोडलं. "लास्ट पीस, मॅडम!" विक्रेता म्हणाला. मावशींचा चेहरा गड जिंकल्यासारखा झाला. जॅकेट त्यांना दोन्हीकडून सैल होत होतं, पण ते सांगायला मी काही आजचा जावई नाही.

महिन्याभरात नात्यातलं एक लग्न आलं. मावशी जांभळं जॅकेट घालून कार्यालयात शिरल्या, आणि समोरून तस्संच जॅकेट चालत आलं. आत विश्रांतवाडीच्या कुणी वरपक्षाकडच्या बाई होत्या. "अय्या! मलासुद्धा लास्ट पीस म्हणूनच दिलं हो," त्या हसून म्हणाल्या. माझ्या बायकोने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात फोटोग्राफर तडमडला. "सख्ख्या बहिणी का? जरा जवळ या." आता या माणसाचा फडशा पडणार, म्हणून मी दोन पावलं मागे सरलो.

मावशी क्षणभर त्या बाईंकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हो. काढा."

परतताना स्वारगेटच्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. "लहानपणी आम्हा सगळ्या भावंडांना वडील एकाच ताग्यातलं कापड आणायचे. भावांचे शर्ट, आमचे फ्रॉक, उरलं त्याचा खिडकीला पडदा. पाहुणे आले की मी खिडकीपाशी उभी राहायची नाही. वाटायचं, आपण दिसणारच नाही. फार राग यायचा हो तेव्हा."

त्यांनी बाहीवरची सुरकुती हाताने सारखी केली.

"आता त्या ताग्यातली मी एकटीच उरले."