नाताळच्या सकाळची बंद खिडकी

सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये नाताळच्या करंज्या तळायला घेतल्या, की तेलाच्या वासासरशी मला श्रीगोंद्याचं सासरचं स्वयंपाकघर आठवतं.

लग्नानंतरचा तो माझा पहिला नाताळ. दाराला चांदणी टांगून, ओसरीभर पताका लावून मी सकाळी नवी साडी नेसले. माहेरी, पारनेरला, मी लहानपणापासून चर्चच्या गायनमंडळात गात असे. सासरच्या घरामागेच चर्च होतं. इथंही आपण गाणार, असं मी धरूनच चालले होते.

सासूबाईंनी माझ्या हातात झारा दिला. "उपासनेला पुरुषमंडळी जातील. आपन गेलो तर पाव्हन्यांचं कोन बघनार?"

"तुम्ही कधीच जात नाही नाताळला?"

"लग्नाआधी गेल्ते," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मागच्या चर्चमधून गाणं ऐकू येऊ लागलं. मला ते तोंडपाठ होतं. कढईसमोर उभी राहून मीही हळू आवाजात गाऊ लागले. सासूबाई उठल्या आणि त्यांनी खिडकी घट्ट लावून घेतली. खोलीत धूर कोंडला, माझे डोळे वाहू लागले. ओसरीवर फराळाला शेजारी आले, तेव्हा पदराने तोंड पुसून मी हसत ताटं नेली.

माझं गाणंही यांना सोसलं नाही, हा राग मी कितीतरी वर्षं धरून होते. आता त्या नाहीत. आता मला आठवतं, कडी लावल्यावरही त्या माझ्याकडे पाठ करून तिथंच उभ्या होत्या. कपाळ खिडकीला टेकलेलं होतं, आणि कडीवरची बोटं गाण्याच्या ठेक्यावर हलत होती.