ओळ तोडायची कळ

उरुमकानच्या डोक्यात एक घंटी होती. आत-बाशी गावच्या सामुदायिक शेतीच्या कचेरीत तिनं चौदा वर्षं टाइपरायटर बडवला. ओळ संपत आली की टिंग वाजायचं, डावा हात आपसूक दांड्यावर जायचा न् गाडा खर्रकन मागं यायचा. पुढं कचेरी बुडाली, यंत्र भंगारात गेलं. बाजाराच्या तोंडाशी खोली धरून तिनं झेरॉक्सचं मशीन न् एक जुना संगणक मांडला, पण घंटी काही गेली नाही. संगणकावरही कड आली की ती एक मोकळी जागा सोडायची न् एंटर हाणायची. आईला आपा म्हणणारी लेक नुरझात कपाळाला हात लावायची.

"आपा, ते आपोआप खालच्या ओळीत जातंय गं."

"आपोआप जाणाऱ्यावर माझा भरवसा न्हाई," उरुमकान म्हणायची.

असंच तिनं अख्खा हिवाळा सांजिरा टाइप केला. सांजिरा म्हणजे कुळाची पोथी, कोण कुणाच्या पोटचा ते सांगणारी. जुमादिल अक्साकाल, कुळातले सगळ्यांत वडीलधारे, रोज सकाळी टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचे, वहीतनं वाचायचे, ही बोटं चालवायची. मधे गोष्टी, भांडणं, चोरीला गेलेले घोडे. न् प्रत्येक शाखेच्या शेवटाला नावांची उतरंड, एका ओळीला एक बाप. थोरांची नावं सगळी थोरल्या, कॅपिटल अक्षरांतच पाहिजेत हा म्हाताऱ्याचा हट्ट.

जूनमध्ये म्हातारा वही घेऊन कुरणावर चढला न् त्याच आठवड्यात बिश्केकच्या छापखान्यातनं फोन आला.

"एजे, आमचं पान रुंद आहे. तुमची प्रत्येक ओळ मध्येच तुटतीय. उंदरानं कुरतडल्यागत दिसतंय. ही फाईल मी पुसून टाकली, उद्या दोनच्या गाडीनं दुरुस्त करून पाठवा. गाडी चुकली तर तुमच्या आशला, पूर्वजांच्या स्मरणाच्या जेवणाला, पुस्तक मिळायचं नाही."

"हजारो ओळी हातानं जोडू व्हय मी?"

"हातानं कशाला? 'शोधा न् बदला' उघडा. वरच्या चौकटीत ओळ तोडल्याची खूण, खालची चौकट रिकामी. सगळं बदला, जतन करा, बंद करा. झालं."

तिनं तसंच केलं. चार हजार आठशे सोळा ठिकाणी बदल झाल्याचं संगणकानं सांगितलं. चहा पिऊन तिनं फाईल पुन्हा उघडली. गोष्टी झकास जुळल्या होत्या, कारण तिथं एंटरच्या आधी मोकळी जागा होती. पण नावांच्या उतरंडीत नुसता एंटर होता. तो गेल्यावर लेकाला बाप चिकटला, बापाला आजा, न् पानभर एकच नाव झालं, आतड्यासारखं लांबलचक. मागं फिरायचा बाण करडा पडलेला. जुनी फाईल कुठली, तिच्यावरच तर जतन केलं होतं.

मग ती तोडायला बसली. एकशे चाळीस शाखा. सगळी अक्षरं थोरली, त्यामुळं एक माणूस कुठं संपला न् दुसरा कुठं सुरू झाला ते अंदाजानंच. संध्याकाळपर्यंत निम्मं झालं, उरलेलं सकाळी. अकराच्या सुमारास तिनं पानं छापून काढली न् बोटं चोळत बसली.

तेवढ्यात बातमा एजे आली, पासपोर्टची झेरॉक्स काढायला. ही मिरलानची आत्या. नुरझातचं मिरलानशी ठरलं होतं, पुढच्या रविवारी पोरीच्या कानात साखरपुड्याच्या बाळ्या घालायच्या होत्या. एकाच कुळातली सून बातमाला पसंत नव्हती, पण ठरवताना अक्साकालनं पिढ्या मोजून आठ सांगितल्या होत्या, त्यामुळं तिचं काही चाललं नव्हतं.

"बगू तर विहीणबाई, आम्हाला कुठं बसवलंय," म्हणत तिनं पानं ओढली. आधी मिरलानची शाखा मोजली, मग नुरझातची. बोट एकेका नावावर टेकवत गेली. "पाच. सहावा ताशतेमिर. सातवा बायसाल." बोट तिथंच राहिलं. "अगं, सातव्यालाच गाठ पडतीय की आमच्याशी."

सातव्या पिढीपर्यंत मूळपुरुष एक निघाला की लग्न नाही. त्यावर वाद घालायची इथं कुणाची टाप नाही.

"अक्साकाल आठ म्हणाले होते," उरुमकान कशीबशी म्हणाली.

"म्हातारा ब्याऐंशीचा हाय. तोंड विसरतंय. कागद न्हाई विसरत."

उरुमकाननं पान जवळ ओढलं. ताशतेमिर एक होता का ताश न् तेमिर दोन? अशा नावाचे निदान चार जण बाजारात भेटतील, म्हणून तर तिनं तिथं तोडलं नव्हतं. खरं म्हणजे तिला ठाऊकच नव्हतं. सासरच्या थोरांची नावं सुनेनं तोंडानं घ्यायची नसतात. ताश म्हणजे दगड, तर तीस वर्षं ती दगडाला 'कडक' म्हणत आली. तेमिर म्हणजे लोखंड, तर लोखंडाला 'काळं'. जी नावं जिभेवर कधी आली नाहीत ती डोक्यात कुठनं राहणार? ती नुसती बोटांतनं गेली होती.

नुरझात पलीकडच्या औषधाच्या दुकानात कामाला होती, ती आवाज ऐकून धावत आली.

"सहावा ताश, सातवा तेमिर. बाबा होते तेव्हा लहानपणी त्यांनीच पाठ करून घेतलंय."

"तुझं पाठांतर आता तुझ्या सोयीचं, बाई," बातमा म्हणाली न् वेताच्या मोड्यावर पक्की बसली. झेरॉक्स केव्हाच झाली होती.

नुरझात आईच्या खुर्चीमागं गेली न् कानाशी पुटपुटली. "आपा, एकच तर कळ आहे. दाब." तिचा हात कीबोर्डाकडं सरकला. उरुमकाननं मनगट धरलं.

"आज दाबलीस तर जन्मभर म्हणतील, उरुमकाननं लेकीपायी एक बाप पैदा केला."

"मग लग्न मोडू देणारेस?"

उरुमकाननं घड्याळाकडं बघितलं. कुरणावर फोनला रेंज नव्हती. म्हातारा रोज दुपारी टेकाडावर चढून स्वतःच फोन करायचा. दोनच्या आत आला तर आला. बारा वाजले. साडेबारा वाजले. चहावर साय धरली. कुणीतरी लग्नपत्रिकेचे दर विचारायला आलं, त्याला तिनं उद्या ये म्हणून वाटेला लावलं.

दीडला फोन वाजला. तिनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"गेली का पोथी?"

"अक्साकाल, आमच्या घरची शाखा खालनं वर म्हणून दावा."

"कुठली अडली? नाव सांग."

"मी कशी सांगू? तुम्हीच म्हणा."

म्हातारा हसला, खोकला, मग लागला म्हणायला. एक, दोन, पाच. उरुमकानचं लक्ष नावांकडं नव्हतं, दोन नावांमधल्या श्वासाकडं होतं.

"... त्याचा बाप ताश. ताशचा बाप तेमिर. तेमिरचा बाप बायसाल. काय झालंय तिकडं?"

नुरझातनं भिंतीला पाठ टेकली. बातमा म्हणाली, "फोनवर काय, पढवलेलं बी असंल."

उरुमकाननं म्हाताऱ्याला सगळं सांगितलं, काय पुसलं न् काय अंदाजानं तोडलं ते. पलीकडं कुत्रं भुंकत राहिलं.

"पोरी, तुझ्या घरचं मी सांगितलं. बाकीची एकशे एकोणचाळीस घरं कुणाला विचारणार?"

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. पेनड्राइव्ह तिच्या खिशात होता, मुठीत धरून गरम झालेला.

"एजे, द्या लवकर," गाडीवाल्यानं मान आत घातली.

"जा तू. पुस्तक कुणामुळं अडलं म्हणून विचारलं तर माझं नाव सांग."

तिसऱ्या दिवशी म्हातारा घोड्यावरनं उतरला, वही उपरण्यात गुंडाळलेली. पहिल्या पानापासनं वाचायला लागला, ते दोन दिवस चाललं. एकतीस ठिकाणी उरुमकानचा अंदाज फसला होता. कुठं दोघांचा एक झालेला, कुठं एकाचे दोन. प्रत्येक वेळी ती मान खाली घालून दुरुस्त करायची. बातमा दोन्ही दिवस मोड्यावर होती.

नुरझातची शाखा आली तशी उरुमकान खुर्चीवरनं उठली.

"हितं तुम्ही बसा, एजे."

"मला कुठं येतंय ते?"

"एकच कळ हाय. ती मोठी."

म्हाताऱ्यानं वही बातमापुढं धरली न् दोन ओळींवर नख ठेवलं. बातमानं ओठ हलवत वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग कळ दाबली, ती दाबूनच धरली. तेमिर पाच ओळी खाली गेला.

"जास्त झालं," उरुमकान म्हणाली न् चार ओळी मागं घेतल्या.

बातमानं पडद्यावर बोट टेकवून खालपासनं मोजलं. आठ झाल्यावर थांबली. मग खुर्ची न सोडताच म्हणाली, "पुढचं पान काढा अक्साकाल. आमची शाखा अजून व्हायची हाय. हिनं तिथं काय करून ठेवलंय कुणास ठाऊक."