ओटीचे तांदूळ

माझ्या बायकोची काठी त्या दिवशी मी लपवली होती. गव्हाच्या कोठीमागं, तिचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

मुलीला बघायला तीर्थपुरीचे पाहुणे येणार होते. मे महिन्यातली दुपार, मस्तगडातलं आमचं पत्र्याचं घर. बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीर आपल्याच नसांवरचं आवरण खातं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. ऊन तापलं की तिचे पाय जातात. सकाळी पोळ्या लाटणारी बाई दुपारी भिंत धरून मोरीत जाते. एवढी साधी गोष्ट लोकांना का पटू नये? माझी वहिनी तर तोंडावर म्हणायची, "सकाळी बराबर चालतीस अन् पाहुणे आले की बिमार! नाटक कंपनी काढ बाई." बायकोचं वय पंचेचाळीस, म्हणून थकायची परवानगी नाही. केस काळे, म्हणून दुखणं खोटं.

पण मी तरी कोण मोठा लागून गेलो? काठी दिसली तर सोयरीक मोडेल, घराण्यात आजार आहे म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात.

"अहो, माझी काठी दिसून न्हाई राह्यली."

"बघू मंग. घंटाभराचा तर सवाल हाये," मी म्हणालो.

पसंती झाली. विहीणबाईंची ओटी भरायला ती उठली. ताट घेऊन तीन पावलं चालली अन् कोसळली. नारळ गडगडत दारापर्यंत गेला. मनगट मोडलं.

"अगं बाई, काय झालं?" विहीणबाई ओरडल्या.

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "फरशी ओली होती."

वहिनी लगेच मुलीवर तुटून पडली. "पाणी देताना सांडलंस ना? डोळे कुठं गेल्ते तुझे?" पोरगी रडत सगळ्यांची माफी मागत राहिली. मी खाली बसून तांदूळ वेचत होतो. एकही दाणा ओला नव्हता.

लग्न झालं. सासरी अजून तिला हसण्यावारी ऐकवतात, "पाणी सांभाळून आण, आईला पाडलंस तसं नको." माहेरी आली की ती आईच्या वाकड्या मनगटाला तेल चोळत बसते. बायकोला आता काठीनंही चालवत नाही. आजारानं की त्या पडण्यानं, हे डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत झालेली नाही. वहिनीवर चिडणं सोपं पडतं.

फरशी कोरडी होती. हे मुलीला, तिच्या सासरच्यांसमोर, मला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.